भीती जात नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. नवऱ्याच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला आहे आणि रिपोर्ट यायला अजून आठ दिवस आहेत. त्यांची नोकरी चार महिन्यांपूर्वीच गेली. रोज पहाटे तीनला तुम्हाला जाग येते, छाती धडधडते, प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द फुटत नाही. त्यात चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीने सांगितलं की विश्वास पक्का असेल तर भीती वाटतच नाही. तेव्हापासून एका भीतीच्या दोन झाल्या. एक रिपोर्टची, दुसरी आपला विश्वासच खोटा निघाल्याची. तुम्ही विचारता, भीती वाटणं हे पाप आहे का? आणि देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं तरी काय?

मी सव्वीस वर्षं पाळक म्हणून सेवा करतो आहे. त्यातला मोठा काळ रुग्णालयांच्या बाकांवर, रिपोर्टची वाट पाहणाऱ्या माणसांशेजारी गेला. त्या अनुभवावरून सांगतो, दुसरी भीती आधी उतरवून ठेवा. पहिलीशी लढायला अंगात जे बळ लागतं, ते ही दुसरी खाऊन टाकते.

त्या बहिणीच्या मनात बहुधा दोन वचनं असावीत. एक तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, हे. पण आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे शब्द काय आहे ते नीट पाहा. ‘भीती’ नाही, ‘भित्रेपणा’ आहे, आणि मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच, कच खाणं. ज्याच्या पोटात गोळा आला आणि तरीही जो उभा राहिला त्याला आपण भित्रा म्हणत नाही. तुम्ही नवऱ्याचा हात धरून तपासणीला गेलात, रोज स्वयंपाक करता, मुलांचे डबे भरता. याला भित्रेपणा कोण म्हणेल? दुसरं वचन योहानाच्या पहिल्या पत्रातलं, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. त्याच्या आधीच्या ओळीत न्यायाच्या दिवसाबद्दल लिहिलं आहे आणि त्याच वाक्यात पुढे योहान सांगतो की ही भीती शिक्षेची. देव मला शेवटी हाकलून देईल, ही भीती ख्रिस्ताच्या प्रीतीपुढे टिकत नाही, असं तो म्हणतो आहे. नवऱ्याच्या पोटातल्या गाठीबद्दल बायकोचं काळीज हलू नये, असं तो म्हणत नाही.

आणखी एक वाक्य तुम्हाला कुणीतरी पाठवलं असेलच: बायबलमध्ये ‘भिऊ नको’ हे ३६५ वेळा आलं आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. ऐकायला गोड आहे, पण मोजायला बसलं की आकडा तिथपर्यंत पोचत नाही. मला त्या आकड्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे शब्द देव जवळजवळ दर वेळी अशा माणसाला बोलतो जो त्या क्षणी भ्यायलेला असतो. आणि त्यामागे बहुतेकदा कारण येतं. यशयाच्या ४१व्या अध्यायात म्हटलं आहे, ‘भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ लहान मूल अंधारात रडायला लागलं की आई ‘अगं मी आहे ना इथे’ म्हणते, तोच हा सूर. आई काही मुलावर रडण्याचा गुन्हा नोंदवत नाही.

आता दाविदाकडे चला. स्तोत्र ५६ उघडा. वर लिहिलं आहे की पलिष्ट्यांनी त्याला गथ इथे धरलं तेव्हाचं हे स्तोत्र. त्या प्रसंगाची हकिकत पहिल्या शमुवेलाच्या २१व्या अध्यायात आहे आणि ती वाचताना दाविदाची कीव येते. शौल राजापासून जीव वाचवायला तो पळतो, आणि जातो कुठे, तर ज्या पलिष्टी वीराला, गल्याथाला, त्याने मारलं त्याच्याच गावात. तिथे लोक त्याला ओळखतात. शास्त्र स्पष्ट लिहितं की तो राजा आखीशाला फार भ्याला. मग त्याने वेड्याचं सोंग घेतलं, दरवाजांवर रेघोट्या ओढल्या, दाढीवर लाळ गाळली. गल्याथाच्या समोर गोफण घेऊन उभा राहिलेला हाच तो मुलगा.

त्या दिवसांतलं स्तोत्र म्हणतं, ‘मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन.’ लगेच पुढच्या ओळीत, ‘मी भिणार नाही.’ मी तरुणपणी ही दुसरी ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यावर संदेश द्यायचो आणि पहिली सोडून द्यायचो. आज त्याची खंत वाटते. ‘वाटेल तेव्हा’, असं तो म्हणतो. भीती येणार हे त्याने गृहीत धरलं आहे. ती आल्यावर तोंड कुठे वळवायचं, एवढंच तो ठरवतो. आणि त्याच स्तोत्रात पुढे तो देवाला सांगतो की तू माझी आसवं आपल्या बुधलीत साठवून ठेवली आहेस. रडू आवरलेल्या माणसाला बुधली कशाला लागते?

याहून मोठा आधार, येशूला धरून नेलं त्या रात्रीच्या गेथशेमाने बागेत आहे. मार्क १४व्या अध्यायात लिहितो की येशू फार अस्वस्थ आणि व्याकूळ होऊ लागला. तो पेत्र, याकोब आणि योहान यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि जागे असा. देवाच्या पुत्राने मित्रांना सोबत मागितली. मग जमिनीवर पडून प्रार्थना केली, उठून आला, पुन्हा जाऊन तेच शब्द म्हणाला, आणि तिसऱ्यांदा पुन्हा. ज्याच्यात पापाचा लवलेश नाही त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक लिहितो. तेव्हा भीती वाटणं हे पाप आहे का, याचं उत्तर मी या बागेतून देतो. नाही. भीतीने देवाकडे पाठ फिरवली, खोटं बोलायला लावलं, दुसऱ्याला चिरडायला लावलं, तर त्यात पाप आहे. छाती धडधडण्यात नाही.

हे झालं दुसऱ्या भीतीचं. आता पहिली.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला टोचलं. तुम्ही लिहिलंत, ‘रिपोर्ट चांगला येणारच असा विश्वास मी धरायचा प्रयत्न करते, पण तो टिकत नाही.’ ताई, तो टिकणार नाही, कारण त्याला टेकायला काही नाही. देवाने तुम्हाला त्या रिपोर्टबद्दल काही कबूल केलेलं नाही. आपण मनाशी एक निकाल ठरवतो, त्याला विश्वास असं नाव देतो, मग तो निकाल घट्ट धरून ठेवायला रात्रभर जागतो. जरा शंका आली की वाटतं, माझ्या शंकेमुळेच आता वाईट होणार. म्हणजे सगळा भार पुन्हा आपल्याच डोक्यावर. यात देव कुठे राहिला?

भरवसा माणसावर ठेवतात. मूल बापाचा हात धरून गर्दीतून जातं तेव्हा त्याला रस्ता ठाऊक नसतो, बाप ठाऊक असतो. शास्त्रात देवावर भरवसा ठेवणं आहे ते या अर्थाने. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळत नाही, पण ज्याच्या हातात आहे तो कोण आहे ते मला कळलं आहे, आणि त्याने आपल्या पुत्राला माझ्यासाठी राखून ठेवलं नाही.

यावर कुणीही प्रामाणिक माणूस विचारील, मग देव बरं करील की नाही? इथे मी तुम्हाला प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय सावकाश वाचायला सांगतो. माझ्या मते या विषयावर शास्त्रात इतका खरा अध्याय दुसरा नाही.

हेरोद राजाने मंडळीचा छळ सुरू केला आणि योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एका ओळीत संपतं ते. मग त्याने पेत्राला धरलं. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर ठेवल्या. मंडळी देवाकडे कळकळीने प्रार्थना करू लागली. रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, झोपला होता. देवदूताला त्याच्या कुशीत मारून त्याला उठवावं लागलं. साखळ्या गळून पडल्या, लोखंडी दार आपोआप उघडलं, आणि तो मार्कच्या आईच्या, मरियेच्या घरी पोचला. तिथे पुष्कळ लोक त्याच्यासाठीच प्रार्थना करत होते. रुदा नावाची मुलगी दार उघडायला आली, आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. आतले लोक काय म्हणाले? ‘तू वेडी झालीस.’ पेत्र बाहेर दार ठोठावतच उभा.

या अध्यायात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही तुमच्यासाठी आहेत. प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास किती होता ते पाहा. उत्तर दाराशी उभं राहून ठोठावत होतं आणि त्यांना ते खरं वाटेना. म्हणजे देवाने त्यांच्या विश्वासाचं वजन करून पेत्राला सोडवलं नाही. तुमच्या शंकेमुळे नवऱ्याचा रिपोर्ट बिघडेल, ही भीती इथे सोडून द्या. दुसरी गोष्ट पेत्राच्या झोपेची. उद्या सकाळी काय होणार ते त्याला माहीत नव्हतं. उलट, त्याआधीच त्याच राजाने याकोबाचं काय केलं ते त्याला चांगलं माहीत होतं. सुटका होणार म्हणून तो झोपला नव्हता. दोन्हीतलं काहीही झालं तरी आपण कोणाचे आहोत हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं, असं मला वाटतं. हाच माणूस एकदा दासीच्या एका प्रश्नाने गळपटला होता, हेही विसरू नका. ती झोप एका दिवसात आलेली नाही.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज आजही जड होतो. याकोब. तोही तिघांमधलाच, रूपांतराच्या डोंगरावर असलेला, गेथशेमानेत असलेला. त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल का? देवाचं प्रेम पेत्रावर जास्त होतं का? हे कृत्यांचं पुस्तक लिहिणारा लूक याचं कारण देत नाही. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्यायही देत नाही. त्यात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले असं लिहिलं आहे, आणि तीनच वचनं पुढे काही जण तलवारीने मारले गेले असंही लिहिलं आहे. दोघांनाही विश्वासाचे साक्षीदार म्हणून एकाच यादीत घेतलं आहे. देव बरं करू शकतो, आणि मी ते पाहिलं आहे. ज्यांच्यासाठी मी उपास करून प्रार्थना केली त्यांना मूठमातीही मी दिली आहे. या दोहोंपैकी एक लपवून मी तुम्हाला धीर दिला तर तो धीर रिपोर्टच्या पहिल्या ओळीलाच फाटेल.

म्हणून मागा. मोकळेपणाने, हट्टाने मागा. गाठ साधी निघू दे असं नाव घेऊन मागा. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असं येशूने स्पष्ट मागितलं, तोंडदेखलं नाही. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द त्यानंतर आले. पुष्कळ विश्वासणारे पहिला भाग गिळून थेट दुसऱ्यावर येतात, कारण त्यांना वाटतं मागणं हे कमी भक्तीचं. मग मन आतून देवावर रुसतं आणि ते कबूलही करता येत नाही.

एक माझं सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझी बायको अतिदक्षता विभागात होती, शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव थांबत नव्हता. मी बाहेर बाकावर. त्या बाकाचा एक पाय आखूड होता, बसलं की डुगडुगायचा. दोन रात्री मी त्यावर काढल्या आणि मला प्रार्थना करता आली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खाटेशी उभं राहून मी घडाघडा प्रार्थना केली होती, आणि आता ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं की ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे येऊन जीभ थांबायची. ते पुढचं म्हणवेना. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचा धीर नव्हता. पहाटे मंडळीतले एक वयस्क काका थर्मास घेऊन आले. काही बोलले नाहीत. चहा ओतला, माझ्या शेजारी बसले, बाक डुगडुगला. मग त्यांनी माझ्या जागी ती प्रार्थना पूर्ण म्हटली, हळू, आणि त्या ओळीला त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी ‘आमेन’ एवढंच म्हणालो. माझ्या त्या दोन रात्रींचा सगळा विश्वास त्या एका शब्दात होता आणि तोही उसना. बायको वाचली. पण ती वाचेल हे त्या पहाटे मला माहीत नव्हतं, आणि तरी ती पहाट मला देवाच्या जवळची वाटते.

म्हणून तुम्हाला शब्द सुचत नाहीत त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पौल म्हणतो की काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं चालतं तिथे.

आता पहाटे तीनचं. हे मी अनेकांना सांगितलं आहे, त्यातलं जे बहुतेकांना उपयोगी पडलं तेवढंच लिहितो. जाग आली की अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, दिवा लावा, पाणी प्या. फोन हातात घेऊ नका. त्या वेळी आजाराबद्दल शोधलेली कोणतीही माहिती तुमचं भलं करणार नाही. एक वही ठेवा आणि त्यात भीती नाव घेऊन लिहा. ‘मला काळजी वाटते’ असं ढोबळ नको. ‘हे गेले तर मुलांची फी कोण भरील’ असं. ‘मला एकटीला जमणार नाही’ असं. आकार नसलेली भीती खोलीभर पसरते, लिहिलेली भीती ओळीत मावते. आणि त्या प्रत्येक ओळीपुढे देवाला उद्देशून काहीतरी लिहा, मग ते भांडण का असेना. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र १३ दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर?’ विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. देवाला ऐकवलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच, कारण ज्याच्यावर काहीच भरवसा उरला नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही.

मग एक छोटं वचन श्वासाबरोबर म्हणा. श्वास आत घेताना ‘मला भीती वाटते तेव्हा’, हळूहळू सोडताना ‘मी तुझ्यावर भरवसा ठेवते’. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, शरीराची रचनाच तशी आहे, आणि ती देवाचीच आहे. दहा-पंधरा वेळा करा. झोप येईल न येईल, पण अंग सैल होईल.

पेत्राने लिहिलं आहे की आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. त्यातलं ‘टाका’ हे ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच आलं आहे, यरुशलेमेच्या वाटेवर शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली तिथे. मला हे चित्र फार आवडतं. अंगावरचं काढायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं. ते एकदा करून भागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. सकाळी टाकलेली चिंता दुपारपर्यंत पुन्हा आपल्या खांद्यावर असते. पुन्हा टाकायची. दिवसातून वीस वेळा टाकावी लागली तर वीस वेळा. त्यात हरलो असं समजू नका.

दिवसा काय करायचं, तर आजचं. निर्गमाच्या १६व्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोज माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचा होता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो टिकायचा. चाळीस वर्षं हा एकच धडा. कृपाही तशीच मिळते, त्या त्या दिवसापुरती. आज तुम्ही मनातल्या मनात रोज त्या वाईट रिपोर्टनंतरचा दिवस जगता आहात, आणि तो सोसवत नाही म्हणून घाबरता. तो सोसवणार नाहीच, कारण त्या दिवसाची कृपा अजून आलेली नाही. तो दिवस उगवला, तर त्याचा ओमर त्या दिवशी सकाळी पडलेला असेल. याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणं असा मात्र नाही. पतीच्या नोकरीसाठी अर्ज करणं, विम्याचे कागद एका जागी लावणं, भावाला आधीच सांगून ठेवणं, ही आजची कामं आहेत. करता येण्याजोगं काम आणि नुसतं उगाळणं, यातला फरक वहीत दोन रकाने आखून पाहिलात तर लगेच कळतो. जे दुसऱ्या रकान्यात जातं ते पेत्राच्या वचनातलं वस्त्र.

जेवण सोडू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचा मंद, शांत आवाज त्यानंतर, होरेब डोंगरावर.

आणि डॉक्टर. झोप आणि भूक उडून दोन आठवडे होऊन गेले असतील, धाप लागत असेल, रोजची कामं हातून होत नसतील, तर स्वतःसाठी डॉक्टरकडे जा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. भीतीवर औषध घेणं हे अविश्वासाचं लक्षण आहे असं मानणारे लोक मंडळ्यांमध्ये अजून भेटतात आणि त्यांच्या सल्ल्याने गोळ्या बंद करून कोसळलेली माणसं मी पाहिली आहेत. पौलाबरोबर लूक होता आणि त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. त्याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तो प्रार्थना विसरला होता म्हणून नव्हे. चार्ल्स स्पर्जन हा लंडनचा नावाजलेला उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी त्याच्या सभेत कुणीतरी ‘आग’ अशी खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्या धक्क्यातून तो पुरता कधीच बाहेर आला नाही. नैराश्य त्याला आयुष्यभर येत-जात राहिलं, आणि त्याबद्दल तो व्यासपीठावरून उघड बोलायचा. अशा माणसाला आपण कमी विश्वासाचा म्हणणार का?

दोन गोष्टींपासून मात्र सांभाळा. पहिली, खुणा शोधणं. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवलेल्या ओळीत रिपोर्ट वाचायचा, हे करू नका. दिवसातून दहा वेळा तुमचा जीव वरखाली होईल आणि शास्त्र बिचारं सोडतीच्या चिठ्ठीसारखं होईल. दुसरी, ‘देवाने मला दाखवलं, तुमच्या मिस्टरांना काही होणार नाही’ असं सांगत येणारे लोक. त्यांचा हेतू चांगला असेल, त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्या शब्दावर घर बांधू नका. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ‘हिताचे संकल्प’ हे वचनही तुम्हाला कुणी पाठवेल. ते पाठवलं की त्याच्या आधीचं वचन वाचा, तिथे ७० वर्षं लिहिली आहेत. बाबेलमधल्या बंदिवानांना ते पत्र होतं, आणि त्यातले पुष्कळ जण घरी न परतताच मरणार होते. त्यांना देवाने सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, मी तुम्हाला विसरलेलो नाही. मला हे वचन अर्धवट वाचण्यापेक्षा असं पूर्ण वाचलं की जास्त आधार वाटतो.

एकट्या राहू नका. त्या एका बहिणीने दुखावलं म्हणून सगळ्या मंडळीला दार बंद करू नका. ज्यांना सगळं सांगता येईल अशा दोघी निवडा. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. आपल्या अंगात उभं राहायचं बळ नसतं तेव्हा खाट दुसऱ्यांनी उचलायची असते. आणि नवऱ्याशी बोला. तुम्ही त्यांच्यासमोर उसनं अवसान आणता, ते तुमच्यासमोर आणतात, आणि रात्री दोघंही एकाच अंथरुणावर डोळे मिटून जागे असता. मी असं किती घरांत पाहिलं आहे. आज रात्री एवढंच म्हणा, ‘मला भीती वाटते.’ मग गप्प बसा आणि ते काय म्हणतात ते ऐका. जमलं तर हात हातात घेऊन आपली प्रभूची प्रार्थना म्हणा. एखाद्या ओळीला अडलात तर दुसऱ्याने ती पूर्ण करायची.

रिपोर्ट घ्यायला एकट्या जाऊ नका, त्या दोघींपैकी एकीला बरोबर न्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवा, कारण त्या खोलीत डोकं चालत नाही, आणि ते जे सांगतील ते सोबतच्या बहिणीला लिहून घ्यायला सांगा. रिपोर्ट चांगला आला तर त्या वहीतली पानं फाडू नका. वाईट आला तर त्या संध्याकाळी मोठे निर्णय घेऊ नका, जेवा आणि कुणाला तरी घरी झोपायला बोलवा. दोन्हीपैकी काहीही आलं तरी मला कळवा. तुमच्या दोघांसाठी माझ्या प्रार्थनेच्या वहीत आज एक ओळ लिहिली आहे. पुढचे आठ दिवस मी पहाटे तीनला गजर लावतो आहे. तुम्ही जाग्या असाल तेव्हा आणखी एक माणूस स्तोत्र ५६ उघडून बसलेला असेल.